चाखणं म्हणजे खाणं नव्हे

जॅमच्या कारखान्यात सगळे त्यांना चाखेराव म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते कोणालाच आठवत नव्हतं, पण ते असं काही चिकटलं होतं की पगाराच्या दिवशी खिडकीतून खरं नाव पुकारलं, तर ते स्वतःच क्षणभर मागे वळून बघत. काम एकच. शिजणाऱ्या प्रत्येक कढईतला चमचाभर जॅम तोंडात घ्यायचा आणि सांगायचं, भरा किंवा थांबा. ते भरा म्हणाले की बरण्यांची रांग खडखडत सुरू होई. थांबा म्हणाले की मोठे साहेबसुद्धा मुकाट्यानं थांबत. साखर मोजायची, आंबटपणा मोजायची यंत्रं होती, पण कढईच्या तळाला फळ जरासं लागलं असेल तर ते यंत्राला कळत नसे. चाखेरावांना कळे.

चाखायच्या खोलीत आणखी तिघं बसत. ते जॅम तोंडात घोळवत, बेसिनमध्ये थुंकत आणि चूळ भरत. नियमच होता तसा, भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला. चाखेराव थुंकत नसत. ज्या म्हाताऱ्या मास्तरांनी त्यांना हे काम शिकवलं, त्यांचं म्हणणं असं की जीभ लाडावलेली असते, गोड लागलं की सगळं माफ करते. करपलेलं सांगतो तो घसा. म्हणून घशाखाली उतरल्याशिवाय बोलायचं नाही. तीस वर्षं चाखेराव याच शिकवणीवर जगले आणि त्यांचा अंदाज चुकला असं सहसा झालं नाही. तिघांनी पास केलेली कढई त्यांनी एका घोटात नापास केली आणि तळ खरवडल्यावर खाली काळा थर निघाला, असं अनेकदा झालं. मग सगळ्यांनी त्यांच्याकडे बघावं आणि त्यांनी रुमालानं ओठ टिपत खिडकीबाहेर बघावं. माणसाला आयुष्यात मिरवायला फार लागत नाही.

आणि एवढं करून जॅमशी त्यांचं वाकडं होतं. पावाला लावून जॅम खाताना त्यांना कोणी कधी पाहिलं नाही. घरात जॅमची बरणी नव्हती. कोणी पाहुण्यानं आणलीच, तर ते झाकणसुद्धा उघडत नसत. चाखणं वेगळं आणि खाणं वेगळं, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. शिंप्याच्या हातांतून दिवसभर किती कापड जातं. ते काही त्याचे कपडे नसतात. वाचणाऱ्याच्या ध्यानात आलं असेल काय होणार आहे ते. चाखेरावांच्या ध्यानात आलं नाही, आणि त्यांना मूर्ख म्हणून मोकळं होण्यात अर्थ नाही. ज्या कामानं माणूस स्वतःला ओळखतो, त्या कामाकडे तो संशयानं बघत नाही.

मधुमेह निघाला तेव्हा ते घाबरले नाहीत. घाबरली त्यांची बायको. तिचे वडील याच रोगानं गेले होते. आधी डोळे, मग पाय, मग सगळेच. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून वडिलांच्या पायाची पट्टी बदलणारी मुलगी होती ती. त्या पट्टीचा वास अजून तिच्या नाकात होता. नवऱ्याचा रिपोर्ट हातात आला तेव्हा ती रडली नाही. स्वयंपाकघरात गेली आणि फळीवरचे डबे एकेक करून खाली उतरवू लागली. साखर गेली, मैदा गेला, तळणाची कढई माळ्यावर गेली.

दवाखान्यात एक आहार सांगणारी बाई बसत असे. तिला घरात सगळे आहारताई म्हणू लागले. तिनं सांगितलं, अर्धं ताट भाज्या, पाव ताट डाळी, अंडं नाहीतर मासा, उरलेल्या पाव ताटात भात नाहीतर पाव, तोही कोंड्याचा. बायकोनं घरी येऊन नखांना लावायचा लाल रंग घेतला आणि सगळ्या ताटांवर रेघा मारल्या. त्या रेघांच्या आत वाढायचं, बाहेर एक शीत जाऊ द्यायचं नाही.

“जेवायला बसताना पट्टी आणि पेन्सिल पण घेऊन बसू का?” चाखेरावांची आई म्हणाली.

“बसा,” सून म्हणाली. “पण जेवा तेवढंच.”

सासू हसली. तिला हसायला कारण लागत नसे. बुटकीशी, गोल चेहऱ्याची, पदराआड लिंबाच्या गोळ्यांचा डबा बाळगणारी बाई. घरातून कोणीही बाहेर पडायला निघालं, की दारापर्यंत जाऊन त्याच्या तोंडात काहीतरी घालायचं ही तिची जन्माची खोड. शाळेत जाणारी शेजारची पोरं असोत, पोस्टमन असो, मीटर बघायला आलेला माणूस असो. रिकाम्या तोंडानं कोणाला जाऊ दिलं तर तिला दिवसभर चुकल्यासारखं वाटे. सुनेनं फर्मान काढलं तेव्हा तिनं मुलाच्या तोंडात गोळी घालणं बंद केलं. त्याऐवजी ती गाजराचा तुकडा घालू लागली. चाखेराव रोज सकाळी गाजर चघळत बसस्टॉपवर उभे राहत, आणि शेजारचे विचारत, काय चाखेराव, आज गाजराचा जॅम वाटतं.

आहारताईंचं सांगणं काही खोटं नव्हतं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. त्या रेघांच्या ताटांनी सुनेचा रक्तदाब उतरला. सासूचं जुनं पोटाचं दुखणं गेलं, गुडघे हलके झाले, जिना चढताना ती मध्ये टेकायची थांबली. कोबी, पालेभाज्या, उकडलेली कडधान्यं यांना नावं ठेवत ठेवत त्या घरातल्या दोन्ही बायका ठणठणीत झाल्या. ज्याच्यासाठी एवढं सगळं चाललं होतं, त्याची साखर मात्र जागची हलेना.

डॉक्टर तरुण होते पण घाईचे नव्हते. त्यांनी नीट विचारलं.

“सकाळपासून काय काय खाता ते सांगा.”

चाखेरावांनी सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही. मध्ये मध्ये बायकोनं भर घातली, मीठ किती, तेल किती.

“बाहेर काही?”

“डबा नेतो घरचा.”

“जॅमच्या कारखान्यात आहात ना? जॅम वगैरे?”

चाखेराव मनापासून हसले. “नाही हो. जॅम मी खातच नाही. कोणालाही विचारा.”

“खरंय ते,” बायको म्हणाली. “बरणी बघितली तरी तोंड फिरवतात.”

डॉक्टरांनी औषधाच्या गोळ्या वाढवल्या. निघताना बायकोला म्हणाले, “घरात कोणी वृद्ध आहे का? प्रेमानं देतात कधी कधी. बघा जरा. कुठून तरी जातंय पोटात, त्याशिवाय इतकी राहणार नाही.”

ते सहज बोलले. ज्याच्या तोंडून असं सहज निघतं, त्याला ते कुठे जाऊन रुततं याचा पत्ता नसतो. बसमध्ये घरापर्यंत बायकोच्या डोळ्यांपुढे सासूचा पदर होता.

मग ती काच आली. कारखान्यात बरण्या फुटतच असतात. एका संध्याकाळी चाखेराव घरी आले, बूट काढला, आणि मोजा लाल दिसला. अंगठ्याखाली काचेचा तुकडा शिरलेला होता. सकाळपासून ते त्यावर उभे होते, चालले होते, बस पकडायला धावले होते, आणि त्यांना काहीही कळलं नव्हतं. जॅमचा तळ लागलेला ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या पायातली काच ओळखता आली नव्हती. बायको मोज्याकडे बघत राहिली. तिनं पाय मांडीवर घेतला, काच काढली, जखम धुतली आणि पट्टी बांधली. हात सराईतपणे चालत होते. चेहरा पांढराफटक पडला होता.

जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, साखर खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि मग तिथेच थांबेल असं सांगता येत नाही.

त्याच आठवड्यात बायकोला सासूची उशी झटकताना गोळ्यांचे कागद सापडले. मूठभर, लिंबाच्या रंगाचे, नीट घड्या घातलेले. तिनं ते जेवणाच्या टेबलावर ठेवले. चाखेराव खुर्चीत पाय वर ठेवून बसले होते.

“आई, हे काय आहे?”

“माझे आहेत,” सासू म्हणाली. “रात्री तोंड कडू होतं गं. चघळते एखादी. त्या शेजारच्या पोरांना देते.”

“आणि यांना?”

“नाही. गाजर देते मी त्याला. तू बघतेस की रोज.”

“एकदाही नाही?”

सासू खोटं बोलली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तिला ते जमत नसे. पूर्वी घरात दूध उतू गेलं, बशी फुटली, की तिच्या नवऱ्याचा आवाज चढायच्या आत तिचा लहानगा मुलगाच पुढे होऊन म्हणे, मी केलं. आईच्या वाटचं सगळं खोटं लहानपणापासून चाखेरावच बोलत आले होते. तिला स्वतःला सरावच नव्हता.

“एकदा दिली होती,” ती हळूच म्हणाली. “तो दमून आला होता त्या दिवशी. चेहरा उतरला होता. एकच.”

सुनेनं कागद गोळा करून मुठीत धरले. मग आवाज न चढवता म्हणाली, “माझ्या वडिलांनाही माझी आजी एकच द्यायची. रोज एकच. मी लहान होते, मला काही करता आलं नाही. आई, मला हे दुसऱ्यांदा बघायचं नाही. तुम्ही थोडे दिवस तुमच्या लेकीकडे जाऊन राहा.”

सासूनं मुलाकडे बघितलं. दूध उतू गेल्यावर बघायची तसं.

चाखेराव पट्टीकडे बघत होते. आईनं एकच गोळी दिली होती हे त्यांना ठाऊक होतं. पण एकाच गोळीनं एवढं होत नाही, तेव्हा मी विसरलो असेन, आणखी दिल्या असतील, असं त्यांनी स्वतःला पटवलं. दुसरं काही कारण सापडत नसलं की माणूस हाताशी असेल ते कारण धरतो. आणि खरं सांगायचं तर त्यांना पायाची भीती वाटत होती, आणि भ्यालेला माणूस न्याय करायला बसत नाही.

“थोडेच दिवस, आई,” ते म्हणाले.

चाखेरावांची धाकटी बहीण दुसऱ्या दिवशी न्यायला आली. आईनं पिशवी भरली. दारात उभी राहून तिनं मुलाच्या तोंडावरून हात फिरवला, आणि सवयीनं तिचा दुसरा हात पदराआड गेला. तिथेच थांबला. डबा तिनं आत टेबलावर ठेवला होता, हे तिच्या लक्षात आलं असावं. रिकामा हात बाहेर काढून ती लहान मुलासारखी त्याच्याकडे बघत राहिली. मग जिना उतरली. गुडघे आता दुखत नव्हते, त्यामुळे भराभर उतरली.

पुढच्याच सोमवारी कारखान्याचा बॉयलर बिघडला. दुरुस्तीला बाहेरून माणसं यायची होती, तोवर सगळ्यांना घरी बसवलं. चाखेराव रेघांच्या ताटात जेवत, खिडकीत बसत, जखम धुवून घेत. आणि साखर उतरू लागली. बायको रोज सकाळी त्यांच्या बोटाला सुई टोचून घरच्या यंत्रावर आकडा बघे. एक दिवस ती यंत्र हातात घेऊन तशीच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“बघितलंत?” ती म्हणाली. “मला काय हौस होती का त्यांना पाठवायची? पण बघितलंत ना?”

चाखेरावांनी बघितलं होतं. जखमेच्या कडा गुलाबी झाल्या होत्या. आईनंच दिलं असणार, हे आता त्यांनाही खरं वाटू लागलं. बहिणीचा फोन आला तेव्हा त्यांनी तिला आनंदानं आकडा सांगितला. पलीकडे आई शेजारीच उभी होती. बहिणीनं तो आकडा मोठ्यानं तिला सांगितला, आणि कोणालाच कळलं नाही की आपण हे काय करतोय.

बॉयलर दुरुस्त झाला. कारखाना सुरू झाला त्या दिवशी फळांचा ढीग साचलेला होता, कढया एकामागून एक येत होत्या. चाखेरावांनी पहिला चमचा तोंडात घेतला आणि त्यांना शिसारी आली. इतकं गोड? रोज हे इतकं गोड होतं? त्यांनी सवयीनं गिळलं. मग दुसरा, मग तिसरा. दुपारपर्यंत घसा कोरडा पडला. घरी येईपर्यंत तहान भागेना, आणि बाथरूमच्या चकरा सुरू झाल्या. बायको भाजी आणायला गेली होती. त्यांनी स्वतःच बोटाला सुई टोचली.

यंत्रावरचा आकडा बघून ते मोरीच्या कठड्यावर बसले. आई घरात नव्हती. गोळ्यांचा डबा झाकण लावून टेबलावर पडून होता. सकाळपासून त्यांनी काय खाल्लं होतं, ते त्यांनी मनात आठवून बघितलं. कोबी, चवळी, एक अंडं, कोंड्याचा पाव. आणि मग तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्यात चमचे मिळवले.

लगेच सांगायला हवं होतं. बायको पिशव्या घेऊन दारात आली तेव्हा शब्द ओठांवर होते. पण तिचा चेहरा इतका निवांत होता. आणि दुसरी गोष्ट, जी सांगायला लाज वाटते, ती अशी की त्यांना ती खोली सोडवत नव्हती. ती खुर्ची, तो रुमाल, भरा म्हटल्यावर खडखडणारी ती रांग. हे गेलं तर बसस्टॉपवर उभा राहणारा तो एक लंगडा माणूस उरला. त्यांनी ठरवलं, आपण थुंकू. बाकीचे थुंकतात तसं. साखर आपोआप उतरेल, मग आईला आणू, आणि हे कोणाला सांगायची वेळच येणार नाही.

दुसऱ्या दिवशी ते थुंकले. बेसिनवर वाकलेले चाखेराव बघून तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चार दिवस ठीक गेलं. मग एक लॉट परत आला, करपलेला, आणि तो चाखेरावांनी भरा म्हटलेला होता. मोठे साहेब रागावले नाहीत, फक्त म्हणाले, “वय झालं वाटतं.” त्या दिवसापासून चाखेराव फक्त शंका असलेल्या कढईतला चमचा गिळू लागले. आणि शंका एकदा शिरली की ती कोणत्याही कढईत दिसते.

घरी ते मूग गिळून बसले. बायको पुन्हा आकडा वाढलेला बघे आणि वेड्यासारखी स्वतःच्या स्वयंपाकात चूक शोधे. तिनं गाजर बंद केलं. भात बंद केला. ताटावरच्या रेघा पुसून नव्या, आणखी आत मारल्या. स्वतःही तेवढंच खाऊन ती वाळली. बहिणीचे फोन येत. “दादा, आई कोणाला वाढत नाही रे. स्वयंपाकघरात पायच टाकत नाही. पोरं म्हणतात आजी भरव, तर हात मागे घेते. जेवतेही चिमणीसारखं.” चाखेराव म्हणत, येतो रविवारी. पाय दुखतोय म्हणून रविवार जाई. पाय खरं तर दुखत नव्हता. तेच तर दुखणं होतं.

अंगठा गेला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाहिलं, तर बायको खाटेशी बसून आपल्याच हातांकडे बघत होती.

“माझंच काहीतरी चुकतंय,” ती म्हणाली. “आई घरातून गेल्या तरी आकडा वाढला. मीच काहीतरी चुकीचं घालते तुमच्या पोटात.”

तेव्हा त्यांच्यानं राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. चमचा, घसा, बॉयलर, मोरीच्या कठड्यावरची ती संध्याकाळ. ती ऐकत होती. मध्ये एकदाच तिनं विचारलं, “कधीपासून ठाऊक होतं?”

“कारखाना परत सुरू झाला तेव्हापासून.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि खिडकीशी गेली.

“त्यांना मी माझ्या तोंडानं जा म्हटलं,” ती म्हणाली. “तुम्ही बसून होतात.”

 दवाखान्यातून घरी सोडल्यावर चाखेरावांनी कारखान्यात निरोप पाठवला की आता चाखायला येणार नाही, लेबलं चिकटवायला बसवा. मग काठी टेकत, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून, ते बहिणीच्या घरी गेले.

आई खिडकीजवळच्या खाटेवर बसली होती. ती आता गोल राहिली नव्हती. खांद्यावर शाल, हात शालीच्या आत. मुलाचा पाय बघून तिचा चेहरा कसानुसा झाला, पण ती उठली नाही. बहीण पाणी आणायला आत गेली.

सून तिच्या पायाशी जमिनीवर बसली. “आई, माझं चुकलं. तुमचं काही नव्हतं त्यात. मी उगाच तुम्हाला बोलले.”

“नाही गं,” सासू म्हणाली. “तू बरोबर होतीस.”

“आई, ऐक,” चाखेराव म्हणाले. “मी कारखान्यात दिवसभर जॅम गिळायचो. ते होतं ते. तुझी एक गोळी होती आणि माझे चमच्यांवर चमचे होते.”

आईनं त्यांच्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर माया दाटून आली. हसली ती. ते हसू चाखेरावांनी ओळखलं. दूध उतू गेलं, बशी फुटली, आणि मी केलं असं म्हणून ते पुढे झाले, की ती अशीच हसायची.

“अरे, किती वर्षं माझं अंगावर घेशील,” ती म्हणाली.

“खरं सांगतोय, आई.”

“मी गेले तेव्हा उतरली ना रे साखर? तुझ्या बहिणीनं सांगितलं मला. आकड्यासकट.”

“कारखाना बंद होता तेव्हा. म्हणून उतरली.”

“असू दे,” ती म्हणाली, जशी रडणाऱ्या पोराची समजूत घालावी तशी. “असू दे. कधी म्हणे कारखाना बंद, कधी म्हणे चालू. लहानपणी पण तुझ्याजवळ असंच काहीतरी तयार असायचं. बशीला माझाच धक्का लागला, माझ्याच हातून निसटली.”

चाखेरावांनी बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, “आई, ते खरं बोलताहेत. मी विचारलंय कारखान्यात. आणि तुम्ही गेल्यावर पुन्हा चढली होती साखर, बघा. म्हणून तर अंगठा गेला.”

“तू पण चांगली आहेस,” सासू म्हणाली. “मला बरं वाटावं म्हणून बोलतेस.” मग बाहेर बघत म्हणाली, “मी खूप आठवून बघितलं. एकच दिली असं मी तेव्हा म्हटलं. पण माझ्या हाताला सवय आहे ना. न कळत दिल्या असतील. म्हातारपणी आठवत नाही माणसाला.”

सुनेनं पिशवीतून डबा काढला. घरून करून आणलेला. कोबी आणि उकडलेली चवळी, बेताचं मीठ. झाकण उघडून तिनं तो सासूपुढे धरला. 

“आई, तुमच्या हातानं एक घास द्या त्यांना. माझ्यासमोर. मी सांगतेय, द्या.”

सासूनं डब्यात वाकून बघितलं. “यात गोड काही नाही ना?”

“काही नाही.”

शालीतून एक हात बाहेर आला. किती बारीक झाला होता तो. बोटांनी चवळीचे चार दाणे आणि कोबीचा तुकडा उचलला. घास वर आला, चाखेरावांनी तोंड उघडलं. साठीला टेकलेला माणूस, काठी मांडीवर, तोंड उघडून आईपुढे बसलेला. हात मध्येच थांबला. मग तो मागे फिरला, घास परत डब्यात पडला, आणि हात पुन्हा शालीच्या आत गेला.

“तूच भरव, पोरी,” ती सुनेला म्हणाली. “तुझ्या हाताला गुण आहे.”

बहीण पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होती.  सुनेनं तोच घास उचलला आणि नवऱ्याच्या तोंडात घातला. त्यांनी तो चावला आणि गिळला. आई त्यांच्या घशाकडे बघत होती, घास नीट खाली उतरेपर्यंत.

“मीठ बरोबर आहे का रे?” तिनं विचारलं.

चाखेरावांना सांगता येईना.